पत्रास कारण पत्राच

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझी तीन पत्रे आली आणि सात महिन्यांत मी त्यांना एका ओळीचेही उत्तर दिले नाही, याची लाज वाटते. प्रकृती ठीक आहे, पाठ आहे तशीच आहे, आणि अण्णांना ऐकू येत नाही हे आता अण्णा सोडून सर्वांना मान्य आहे. पत्रास कारण म्हणशील तर या वेळी ते खरोखरच पत्रा आहे: आपल्या गाडीच्या सनरूफचे पॅनेल कुजले. घरात हा विषय काढला की "मग विकून टाका ती" यापुढे संभाषण जात नाही, म्हणून तुला लिहितो आहे.

पाऊस संपल्यावर गाडी धूत असताना पॅनेलच्या मागच्या कडेला, रंगाखाली, करंगळीच्या नखाएवढा फोड दिसला. बोटाने दाबल्यावर तो कुरकुरला, म्हणून पेचकसाचे टोक नुसते टेकवून पाहिले, तर ते सरळ आत गेले. पेचकस बाहेर काढण्याचा धीर मला बराच वेळ झाला नाही, आणि शेजारच्या काकांनी कुंपणापलीकडून "काय, अँटेना बसवताय का?" असे विचारले तेव्हा मी होय म्हणून मोकळा झालो.

पॅनेल उतरवणे आपण समजत होतो त्याहून सोपे निघाले. आधी ते मागून तिरके उचलायचे, मग खालचे कापडी अस्तर पुढच्या क्लिपांमधून सोडवून मागे सरकवायचे, की दोन्ही बाजूंचे चांदणीच्या तोंडाचे स्क्रू समोर येतात; ते काढल्यावर अख्खे पॅनेल वरच्या वर उचलता येते. माझे दोन स्क्रू गंजाने धरले होते आणि त्यांतल्या एकाचे तोंड फिरले, कारण योग्य मापाचा पाना ज्या संचात आहे तो संच तू चार वर्षांपूर्वी 'दोन दिवसांसाठी' नेला आहेस. ही तक्रार समजू नकोस. केवळ नोंद आहे.

खरी गोष्ट पुढे आहे. पॅनेल टेबलावर उलटे ठेवले तेव्हा दिसले की बाहेरचा पत्रा आतल्या चौकटीवर जिथे दुमडलेला आहे, ती मागची दुमड सबंध फुगली आहे. गंज ज्या लोखंडातून होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे एकदा दुमडीत पाणी शिरले की गंज आतूनच तिला उसवू लागतो, वरचा रंग तडकतो आणि त्या तड्यातून आणखी पाणी येते. मी कड हाताने चाचपली, तर जिल्द सुटलेल्या वहीच्या पानांसारखे पापुद्रे निघून आले. आणि त्या पापुद्र्यांच्या बाजूने, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, माझ्या हातची ती पांढरी सिलिकॉनची रेघ होती, जी पॅनेल उघडण्यासाठी मला आदल्या दिवशी ब्लेडने कापावी लागली होती.

भर पावसात सनरूफमधून पाणी गळू लागले, त्या रात्रीचे भांडण तू विसरला असशील असे मला वाटत नाही. तू म्हणत होतास की निचऱ्याची नळी तुंबली आहे. मी म्हणत होतो की रबर गेले आहे. आणि मागच्या सीटवर डोक्यावर पिशवी धरून बसलेल्या वहिनी म्हणत होत्या की दोघांनीही खाली उतरून गाडी ढकलावी, म्हणजे निदान आवाज तरी बंद होईल. तू गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी सिलिकॉनची अख्खी नळकांडी त्या फटीत ओतली आणि पुढे दोन वर्षे, गळती बंद झाली, असे सगळ्यांना अभिमानाने सांगत फिरलो.

तुझे बरोबर होते. हे वाक्य लिहायलाच मला सात महिने लागले, असे समज. सनरूफचे रबर सगळे पाणी अडवण्यासाठी नसतेच. थोडे पाणी आत येणार हे धरूनच पॅनेलच्या खाली चारी बाजूंनी पन्हळ दिलेली असते आणि तिच्या कोपऱ्यांतून निघालेल्या नळ्या पुढच्या व मागच्या खांबांच्या पोकळीतून ते पाणी गाडीखाली सोडतात. नळी तुंबली की पन्हळ भरते, पाणी अस्तरात उतरते आणि तुझ्या पायाखालची चटई भिजते. मी फट बुजवली तेव्हा वरून येणारे पाणी कमी झाले, पण सिलिकॉनच्या केसाएवढ्या चिरांतून जे शिरले त्याला वाळायला वाराच मिळाला नाही, आणि ते त्या दुमडीत मुक्कामाला राहिले. गळती थांबवण्याच्या नादात मी गंजाला घर बांधून दिले.

नळ्या आता साफ केल्या. गवत कापण्याच्या यंत्रातली नायलॉनची दोरी हळूहळू आत सारली. तार वापरली नाही, कारण तिने नळीला भोक पडते. काळा चिखल आणि कुजलेल्या पानांचा चुरा निघाला. मग पन्हळीत पेलाभर पाणी ओतले आणि ते पुढच्या चाकामागे टपटप पडताना पाहिले. मात्र जोराची हवा मारून नळी मोकळी करण्याची तुझी सूचना त्या रात्री मी मानली असती तर नळी आतल्या जोडापासून निसटली असती आणि ते शोधायला सगळे अस्तर उतरवावे लागले असते, तेव्हा हिशेब अगदीच एकतर्फी नाही.

त्याच मॉडेलच्या, अपघातात गेलेल्या एका गाडीचे पॅनेल मिळाले आहे. घेण्यापूर्वी ते उलटे करून दुमडीवरून नख फिरवले. कड सरळ आणि कोरडी आहे. रंगाचा क्रमांक आपलाच आहे, पण दोन्ही गाड्यांनी वेगवेगळे ऊन खाल्ले असल्यामुळे आपल्या छतावर ते ठिगळासारखे दिसेल. त्याचे मला काही वाटत नाही.

मला झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणाने. पॅनेल निघाल्यावर छताच्या चौकोनाची मागची कड उघडी पडली आणि तिथेही, साधारण वीतभर, गंज आहे. तो वरवरचा असेल तर तारेच्या ब्रशने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासायचे, फॉस्फरिक आम्ल असलेले गंजरोधक लावायचे, मग इपॉक्सी प्रायमर आणि रंग, एवढ्यावर भागेल. तो आरपार गेला असेल तर कापून नवी पट्टी वेल्ड करावी लागेल, आणि छताच्या पातळ, सपाट पत्र्याला वेल्डिंगची आच लागली की तो वाकतो. शिवाय आतले अस्तर आधी काढले नाही तर पेट घेईल. मी रोज संध्याकाळी पेचकसाच्या मुठीने ती कड ठोकून पाहतो. डावीकडे आवाज खणखणीत येतो, मध्ये थोडा बद्द येतो, आणि तो खरोखर बद्द आहे की माझ्या मनात बद्द आहे हे मला ठरवता येत नाही. टोच्या हातात घेतो आणि परत ठेवतो. तो आत गेला तर काय, हा विचार करण्यात सगळा आठवडा गेला. पत्र्याच्या आवाजाला तुझा कान माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी आजवर कधी कबूल केले नव्हते. तेही आजच करून टाकतो.

शिवाय नवे पॅनेल बसवायला दोन माणसे लागतात. पुढची कड छताच्या पातळीत किंवा एक मिलिमीटरपर्यंत खाली, आणि मागची पातळीत किंवा तितकीच वर, असे जमले नाही तर वेग घेताच वारा शीळ घालतो. एकाने वर हात ठेवून पातळी सांगायची आणि दुसऱ्याने आत मान वाकडी करून स्क्रू आवळायचे. मान वाकडी करण्याचे काम या वेळी मी करीन.

तुझी बदली झाली हे मावशींकडून कळले. बरे झाले, त्या साहेबातून सुटलास. धाकटीला परीक्षेच्या यशाबद्दल शाबासकी सांग. घराच्या कर्जाचे काय झाले ते सविस्तर कळव.

तोपर्यंत छतावर प्लास्टिक ताणून बांधले आहे आणि तो टोच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवून दिला आहे. तू येईपर्यंत मी तो टेकवणार नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ असावा.

तुझाच

ता. क. — येताना तो पान्यांचा संच आण. तोंड फिरलेल्या स्क्रूचा अर्धा भाग अजून आतच आहे.