मुतखडा आणि ताप: आधी नळी, मग नागपूर

महोदय,

उन्हाळा लागला की विदर्भात मुतखड्याचे रुग्ण वाढतात आणि खेड्यापाड्यांतल्या रुग्णालयांत त्यांच्या कागदावर 'नागपूरला न्यावे' असा शेरा पडतो. आपल्याकडे खडा फोडायचे लेसर नाही, हे कारण दिले जाते. पण खड्यासोबत थंडी वाजून ताप असेल, तर त्या दिवशी खडा फोडायचाच नसतो. मूत्रवाहिनी अडलेली असते, वर तुंबलेल्या लघवीत पू होतो आणि आतल्या दाबामुळे अँटिबायोटिक तिथे पुरेसे पोहोचत नाही. काही तासांत रुग्णाचा रक्तदाब कोसळू शकतो. गडचिरोली ते नागपूर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, सिरोंच्याहून तर त्याच्या दुपटीच्या घरात.

अशा वेळी तुंबलेली लघवी पाठीतून बाहेर काढणारी नळी, म्हणजे नेफ्रोस्टॉमी, जीव वाचवते. त्यासाठी सोनोग्राफी मशीन आणि हात बसलेला सर्जन किंवा रेडिओलॉजिस्ट पुरतो. पूर्ण भूल लागत नाही. रक्ताचे कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, पाठवून सलाइन आणि अँटिबायोटिक लगेच सुरू करावे, रक्त नीट गोठते का हे कळण्यासाठी प्लेटलेट व आयएनआर पाहावे. रुग्णाला पालथे झोपवून, बाराव्या बरगडीखालची जागा बधिर करून १८ गेजची सुई किडनीच्या खालच्या, मागच्या बाजूच्या कॅलिक्समध्ये, म्हणजे लघवी गोळा करणाऱ्या छोट्या कप्प्यात, न्यावी. बरगडीच्या वर टोचले तर फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते. सरळ पेल्व्हिसमध्ये, म्हणजे किडनीच्या मधल्या मोठ्या पोकळीत, घुसवले तर मोठी रक्तवाहिनी फाटण्याची भीती. पू आला की थोडा कल्चरला, मग वाट दाखवणारी गाइडवायर, वाट रुंद करणारा डायलेटर आणि ८ फ्रेंच जाडीची, टोकाला वळण असलेली पिगटेल नळी. एक्स-रेत दिसणारा डाय भरून फोटो काढण्याचा मोह त्या दिवशी आवरावा, कारण दाबाने जंतू रक्तात शिरतात. नळी टाक्याने पक्की करावी. रुग्णवाहिकेत ती निसटली तर सगळे मुसळ केरात. खड्याचे काय ते संसर्ग आटोक्यात आल्यावर नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजमध्ये पाहता येते.

जिथे मूत्रमार्गातून घालायची दुर्बीण आहे तिथे आतून डीजे स्टेंट, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतची बारीक नळी, घालतात. तो घालण्याइतकेच काढणे महत्त्वाचे, आणि नेमके तेच राहून जाते. दुखणे थांबले की रुग्ण परत येत नाही. त्यात धानाची रोवणी असेल तर नाहीच. तीन महिन्यांपुढे राहिलेल्या स्टेंटवर क्षार साचतात, ओढताना तो तुटतो, कधी किडनीच गमवावी लागते. वेळेत आला तर बाह्यरुग्ण विभागात बधिर करणारी जेली लावून काही मिनिटांत निघतो. म्हणून प्रत्येक रुग्णालयात स्टेंटची वेगळी वही हवी: घातल्याची तारीख, काढायची तारीख, रुग्णाचा आणि एका नातेवाइकाचा फोन. डिस्चार्ज कार्डावर मोठ्या मराठी अक्षरांत 'पोटात नळी आहे' असे लिहावे, आणि काढायची तारीख रोवणी-कापणी पाहून, घरच्यांना विचारूनच ठरवावी.

आरोग्य विभागाने निदान जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत पिगटेलचे संच कायम ठेवावेत आणि तिथल्या सर्जनना सोनोग्राफीखाली नळी घालण्याचे प्रशिक्षण नागपुरात द्यावे, ही विनंती.

— मूत्ररोग शस्त्रक्रियेत काम करणारे डॉक्टर, नागपूर