मदरबोर्ड बदलला, मालकी नाही

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

अंबाजोगाईत माझे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवून देण्याचे, छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुके आणि अधूनमधून एखादा कवितासंग्रह, असे कामाचे स्वरूप. गेल्या उन्हाळ्यात ऐन लग्नसराईत विजेचा दाब अचानक वाढला आणि संगणकाचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी, जळाला. लातूरहून दुसरा आणून बसवेपर्यंत दोन दिवस मोडले, त्याबद्दल माझी कोणाकडेही तक्रार नाही. मात्र तिसऱ्या दिवशी पानांच्या मांडणीचे सॉफ्टवेअर उघडले, तेव्हा हा परवाना क्रमांक परवानगीइतक्या संगणकांवर वापरून झाला असून आता तो आणखी कोठेही चालणार नाही, अशी सूचना पडद्यावर आली. डबा तोच, टेबल तेच आणि पुढे बसलेला माणूसही तोच होता. परंतु अशी सॉफ्टवेअरे संगणकाची ओळख त्यातील सुट्या भागांवरून पटवतात आणि त्यात मदरबोर्डचे वजन सर्वांत मोठे असते, हे मला त्या दिवशी कळले.

कंपनीच्या मदत केंद्रावर हिंदी-इंग्रजीत उत्तर मिळाले, की आधी जुन्या संगणकावरून डीॲक्टिव्हेट करा (म्हणजे तिथला परवाना सोडवा), मग नव्यावर चालू होईल. जुना बोर्ड त्या वेळी माझ्यासमोर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला होता. नंतर त्यांनी बिल मागितले. पाकिटात जपून ठेवलेले बिल काढले, तर थर्मल कागदावरची अक्षरे आमच्याकडच्या दोन-तीन उन्हाळ्यांत पुरती उडून गेली होती; गावाची बिलबुके जुळवून देणाऱ्याच्या हाती स्वतःचे बिल कोरे! ज्याच्याकडून खरेदी केली, त्या विक्रेत्याने दुकान केव्हाच बंद केले होते. शेवटी बँक खात्याच्या उताऱ्यावरील नोंद आणि खोक्यावरील क्रमांकाचे छायाचित्र पाठवल्यावर अकराव्या दिवशी सॉफ्टवेअर सुरू झाले. तोपर्यंत चार पत्रिकांची कामे दुसरीकडे गेली होती.

दरम्यान संगणक दुरुस्त करणारा मुलगा रोज म्हणत होता, “काका, क्रॅक मारून देतो, पाच मिनिटांचं काम आहे.” क्रॅक म्हणजे परवान्याचे कुलूप चोरून तोडणे. मोह झाला नाही असे म्हणणार नाही. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय क्रॅक टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, ते वेगळेच. म्हणजे फुकट वापरणाऱ्याचे काम एक दिवसही अडत नाही आणि पैसे मोजणाऱ्याला अकरा दिवस हात बांधून बसावे लागते. याच कायद्याचे कलम ५२ कायदेशीर धारकाला नुकसानीपासून संरक्षण म्हणून बॅकअप प्रत ठेवू देते. ती माझ्याकडेही होती, पण ॲक्टिव्हेशनशिवाय, म्हणजे कंपनीने परवान्याची खातरजमा केल्याशिवाय, ती निव्वळ तबकडीच.

चोरी रोखण्यासाठी कंपन्यांनी कुलूप लावू नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. किल्ली हरवली तर मालकाने काय करावे, याची सोय मात्र कुलूप लावणाऱ्यानेच ठेवली पाहिजे आणि ती ठेवता येते. विंडोज १० मध्ये २०१६ पासून परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवला, तर हार्डवेअर बदलल्यावर तो पुन्हा सुरू करण्याचा मार्ग मिळतो. अर्थात संगणकासोबत आलेला परवाना त्याच यंत्राशी बांधलेला असतो आणि स्वतंत्रपणे विकत घेतलेला दुसऱ्या यंत्रावर नेता येतो, हा फरक दुकानदार क्वचितच सांगतात. ॲडोबी कंपनीने २०१२-१३ च्या सुमारास सीएस२ या आपल्या जुन्या सॉफ्टवेअर संचाचा ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केला, तेव्हा ॲक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती उपलब्ध करून दिली होती.

माझ्यासारख्या धंदेवाईकाला ग्राहक कायदा लागू होत नाही, असा समज आमच्याकडे आहे. २०१९ च्या कायद्यात व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली असली, तरी केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर तिला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहता येते. मला हे उशिरा समजले.

हा परवाना किती संगणकांवर चालेल, यंत्र जळाल्यास तो कसा सोडवून घ्यायचा आणि त्यासाठी कोणता पुरावा लागेल, या तीन गोष्टी विक्रेत्यांनी बिलावरच मराठीत छापाव्यात, अशी माझी मागणी आहे. आणि ते बिल कृपा करून साध्या कागदावर द्यावे.

आपला विश्वासू,
एक डीटीपी व्यावसायिक,
अंबाजोगाई, जि. बीड