काकू, विहिरीची वही परत पाठवतोय

ती. काकूंना गल्लीच्या पंचमंडळींचा सा. नमस्कार.

आण्णांच्या बाराव्यानंतर तुम्ही पिशवीत घालून दिलेली निळी वही या पत्राबरोबर परत येते आहे. झेरॉक्स काढून ठेवली आहे. वही दोन्ही बाजूंनी लिहिलेली आहे. सरळ धरली की विहीर, उलटी धरली की तुमचं घर. घराची पानं वाचायची नव्हती, पण मधे दोन्ही हिशेब एकमेकांत शिरलेत. 'पंपाचं भाडं' याच्या खालीच 'संकेश्वरी मिरची 5 किलो, धाकटीची फी' असं आहे. तेवढं वाचलं गेलं, त्याची माफी असावी.

आभार वहीचे आहेत. यंदाचा उपसा आण्णांविना झाला आणि वहीबरहुकूम झाला. ते नेमकं काय मागे ठेवून गेलेत हे घरात ठाऊक असावं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

उपशाची वेळ त्यांनी पक्की ठरवलेली: आपल्याकडच्या वैशाखातल्या शिवजयंतीचे चित्ररथ उतरले की. तेव्हा पाणी सर्वांत खाली असतं, पोरं मोकळी होतात आणि जूनच्या पावसाआधी कठड्याची डागडुजी सुकायला वेळ मिळतो. वळवाचा एक मोठा सडाका झाला की मात्र काम दोन दिवस पुढे, कारण वरच्या सांध्यांतून तांबडं पाणी आत येत राहतं.

पहिल्याच पानावर हिशेब आहे. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं फुटांत, गुणिले 22, म्हणजे लिटर. आपली विहीर 12 फूट रुंद. 10 फूट पाणी असेल तर साधारण 32,000 लिटर. हा आकडा हाती नसेल तर ब्लीचिंगचं माप निव्वळ अंदाजपंचे, आणि अंदाजाने टाकलेली पावडर एक तर कमी पडते, नाही तर घशाला लागते.

पाणी एका दमात उपसायचं नाही. आपल्याकडे जांभ्याखाली पांढुरकी मऊ माती लागते. विहीर झटकन रिकामी केली की चिऱ्यांच्या मागचं पाणी ही माती घेऊन आत येतं, मागे पोकळी होते आणि बांधकाम पोटाला येतं, म्हणजे आत फुगतं. म्हणून चार फूट उपसा, मग विसावा, चिऱ्यांवर नजर, मग पुढचे चार फूट. डिझेलचा पंप आत उतरवायचा नाही, या वाक्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्यात. त्याचा धूर विहिरीत साठतो, त्यातल्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी कलंडतो. विजेची मोटर चालू असताना पाण्यात कुणी नाही, हेही तिथेच आहे.

सर्वांत जास्त पानं आत उतरण्यावर आहेत. कंदील सोडून बघायची जुनी रीत त्यांना पुरेशी वाटत नव्हती. कंदील विझला तर उतरायचं नाहीच, पण तेवत राहिला म्हणून विहीर सुरक्षित ठरत नाही. गाळात कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा वायू ज्योतीला कळत नाही, आणि पेट घेणारा वायू असेल तर ज्योतच घात करते. म्हणून ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडून आधी हवा खेळवायची, मग वायूमापक दोरीने खाली सोडायचा. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली दिसला किंवा दुसऱ्या वायूसाठी मापक वाजला, तर त्या दिवशी काम नाही. गाळ ढवळला की आतला वायू नव्याने सुटतो, म्हणून ब्लोअर शेवटपर्यंत चालू आणि मापक आतल्या माणसाच्या पट्ट्याला. उतरणाऱ्याच्या अंगात पट्टा, पट्ट्याला दोर, दोरावर वर दोन माणसं. आतला बेशुद्ध पडला तर त्याला दोराने ओढायचं; त्याच्यामागे उडी मारायची नाही. विहिरीत एकाऐवजी तीन-तीन माणसं जातात ती याच उडीमुळे.

गाळ काढणारे बरेचदा पूर्वेकडचे, कानडी बोलणारे. त्यांच्यासाठी खुणा ठरवल्यात: एक हिसका थांब, दोन वर घे, तीन खाली सोड, लागोपाठ हिसके म्हणजे मला बाहेर काढा. तोंडी शब्द दोनच, 'एत्तु' आणि 'बिडु', ते आपल्या पोरांनीही पाठ करायचे. कठड्यावरची सूचनाही त्यांनी दोन्ही भाषांत रंगवली. पाटीच्या भाषेवरून आपल्या बेळगावात काय काय होतं ते काकू तुम्ही जाणताच. या पाटीवरून कुणी चकार शब्द काढला नाही. वर्गणीचा फळाही तसाच, घरटी सारखा आकडा, कानडी घर असो वा मराठी.

डागडुजीचं पान तर प्रत्येक गवंड्याला वाचून दाखवायला हवं. दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, भरायच्या त्या वरच्या सहा फुटांतल्याच, एकास तीन सिमेंट-वाळूने. खालचे सांधे उघडे ठेवायचे, कारण झरे तिथूनच येतात. हौसेने तळापर्यंत गिलावा केला की विहीर हौद होते. कठडा अडीच फूट, भोवती तीन फूट ओटा, उतार बाहेरच्या बाजूला. शौचालयाचा खड्डा 50 फुटांच्या आत नको, आणि जांभ्यात त्याहून लांब असलेला बरा, कारण या दगडातल्या भोकांतून पाणी फार भराभर पळतं. गाळ बुट्टीने काढून माडांना घालायचा, पण काच आणि प्लॅस्टरच्या मूर्तींचे तुकडे वेचून. ते प्लॅस्टर पाण्यात विरघळता विरघळत नाही, तळाशी थर धरून बसतं.

मग पावडर. सफाईनंतरची पहिली मात्रा मोठी: 32,000 लिटरला ताजी पावडर 5 किलो, बारा तास तसंच, मग वास जाईपर्यंत उपसा. ते पाणी ओढ्यात सोडायचं नाही, मासे मरतात. एरवीची मात्रा हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे आपल्याला 80 ग्रॅम. बादलीत आधी पातळ कालवण करायचं, बादली पाऊण भरायची, दहा मिनिटं निवळू द्यायची आणि वरची निवळीच दुसऱ्या बादलीत घ्यायची. खालचा चुना विहिरीत गेला की पाणी जड होतं, डाळ शिजत नाही. (इथे समासात 'सौ.ने सांगितले' असं आहे.) निवळीची बादली पाण्याखाली नेऊन वर-खाली, आडवी हलवायची. हे रात्री करायचं, पहाटेपर्यंत कुणी पाणी शेंदायचं नाही. उघड्या पोत्यातली पावडर महिन्या-दोन महिन्यांत निकामी होते, म्हणून झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात. लोखंडी डबा गंजतो. गाळ न काढता पावडर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण क्लोरीन सगळा घाणीवरच खर्च होतो.

टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवर ते शाळेच्या पोरांना मुद्दाम नेत. गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते त्या 1924च्या अधिवेशनासाठी खोदलेली ही विहीर. राकसकोप धरणाचं पाणी नळाला आलं म्हणून विहिरीकडे पाठ फिरवू नका, एवढंच तिथे बोलत.

आणि एक नियम: पाच वाजले की काम बंद, कितीही गाळ उरलेला असो. वहीत कारण नाही. उलट्या बाजूला मात्र त्याच तारखांना 'आईचं जेवण साडेबारा', 'सहाला घरी, थोरलीचा अभ्यास' असं आहे. यंदाही पाचला दोर वर घेतला.

वहीनुसार लोखंडी कप्पी तुमच्या माळ्यावर आहे, डाव्या कोपऱ्यात ट्रंकेमागे. ती तिथेच असू द्या. पाडव्याला एक जण येऊन वंगण घालून जाईल, कप्पी चित्ररथानंतर नेऊ. झाकणाच्या जाळीची एक किल्ली पूर्वीसारखी तुमच्या खुंटीवर राहावी, अशी गल्लीची इच्छा आहे. वहीच्या पिशवीत ती ठेवली आहे.

आपली,
गल्लीतील पंचमंडळी