माईची ट्रंक उघडली

चिमे,

माई गेली त्या दिवशी ग्रुपवर तुझे दोन हात जोडलेले इमोजी पाहिले. तेवढ्यावर तुला सोडणार नाहीये. मी बरी आहे, बीपीची गोळी चालू, आईपण ठीक.

वय किती छापायचं यावरूनच पहिला वाद. थोरले काका म्हणाले शंभर लिहा, बॅनरवर चांगलं दिसतं! आधार कार्डावर १ जानेवारी १९३०, म्हणजे खरी तारीख कुणालाच माहीत नव्हती. पण माईचा स्वतःचा हिशोब आठवतो ना, पत्री सरकारच्या वेळी मी परकरात होते, रानात लपलेल्या माणसांना भाकरी पोचवायचे, आणि लग्न स्वातंत्र्याच्या साली. म्हणजे आधारवाल्यानं अंदाज बरा मारला म्हणायचा.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. लिहितेय ते वेगळ्याच कारणासाठी आणि ते फक्त तुलाच कळेल, कारण तू तिथे होतीस.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर कावळा शिवेना. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले, सगळ्यांनी काय काय कबूल करून झालं, दादानं तर सिगरेट सोडतो म्हणून सांगितलं (संध्याकाळी ओढत होता). शेवटी थोरले काका पुढे झाले आणि मोठ्यांदा म्हणाले, माई, आक्काला आम्ही अंतर देणार नाही. आणि बाई गं, कावळा आला! आत्या पदरात तोंड घालून रडली. घरी आलो, जेवणं झाली, आणि चारच्या चहाला काकांनी पिशवीतून टाईप केलेला कागद काढला. हक्कसोड पत्र. आत्याचं, आणि बाबा नाहीत म्हणून त्यांच्या हिश्श्यापुरतं माझंसुद्धा. तेराव्यानंतर सगळे पांगायच्या आत रजिस्टर करून घेऊ म्हणे, बिल्डर थांबलाय, खाली पार्किंग वर पाच मजले, आणि माईची तशीच इच्छा होती.

माईची इच्छा! चिमे, तुला ती पापडाची दुपार आठवते का? आपण दहावीत, परसाच्या बाजूला बसून लाटत होतो, तुझे पापड नकाशातल्या श्रीलंकेसारखे होत होते. तेव्हा त्या भिंतीला हात लावून माई म्हणाली होती, "ही बेबीच्या पगारावर उभी हाय, ध्यानात ठेवा." आपण हसलो होतो. तुला आठवत असेल तर कळव, कारण मला आता असं वाटायला लागलंय की माझ्या सोयीचं म्हणून मीच ते मनानं रचलं.

म्हणजे रचलेलं नाही हे आता माहितीये. काकांना वाड्याचे कागद हवे होते म्हणून पलंगाखालची ट्रंक माझ्याकडूनच उघडून घेतली. त्यात जुनी रेशनकार्डं, दुधाचे खाडे लिहिलेली कॅलेंडरं, आणि लाल कापडाच्या बांधणीची एक वही. माईचं अक्षर ठाऊक आहे तुला, शिसपेन जिभेला लावून कोरल्यासारखं. १९६८ चं पान. 'विटा. चुना. गवंडी दोन दिस. बेबीचे पगारातून.' खाली पुन्हा तेच. पान उलटलं तरी तेच.

भूकंपाची गोष्ट आपण इतक्यांदा ऐकलीय की पाठ आहे. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून गेलेले, कोयनेचा धक्का, माईनं बाबांना काखेत मारून बाहेर आणलं आणि परत आत गेली ती गाईचं दावं सोडायला. मग थंडीत मैदानात पाल ठोकून काढलेल्या रात्री. पण पडलेली भिंत परत कुणी बांधली हे त्या गोष्टीत कधी नसायचंच. आजोबांच्या पेढीवरच्या पगारात चूल पेटायची तेवढीच. आत्या नुकती जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली होती, एकोणीस वर्षांची. तिचं लग्न का लांबलं यावर आपल्या घरात किती विनोद झालेत, त्यातले निम्मे माझे.

कायद्याचं विचारून घेतलं. वाडा आजोबांनी स्वतः विकत घेतलेला, मृत्युपत्र न करता गेले, म्हणजे १९५६ च्या कायद्यानंच मुलगी मुलांच्या बरोबरीची वारस. ते २००५ ची दुरुस्ती वगैरे इथे लागतच नाही. धाकट्या काकांना सांगितलं तर म्हणाले, तू पुण्यात राहून फार शिकलीस. वर आत्याच म्हणते, मला पेन्शन आहे, सही करून मोकळी होते, निदान माहेर राहू दे. आता काय बोलणार? दोघे काका बारा वर्षं एकमेकांशी धड बोलत नव्हते, माई मध्ये बसायची म्हणून दिवाळीला एका पंगतीत जेवायचे. आता ते एक झालेत तर या कागदासाठी.

वही अजून कुणाला दाखवलेली नाही. माझ्या बॅगेत आहे. तेराव्याला सगळ्यांसमोर ठेवली तर आत्यालाच अवघडल्यासारखं होईल, ती उलट माझ्यावर चिडेल. नाही ठेवली तर त्या पाच मजल्यांच्या पायाखाली ते पानसुद्धा जाईल. मी माझी सही करणार नाही एवढं नक्की. आत्याचा फ्लॅट कागदावर आला तर बघू.

ट्रंकेत इरकली नव्हती, कशी असेल, मोरपिशी तर तिनं जिवंतपणीच तुला दिली. नातीला सोडून शेजारणीच्या पोरीला! तो राग मी सोडलेला नाही, सांगून ठेवते.

तुझ्या सासूबाईंचं ऑपरेशन झालं का? लेकीचं नीटचं काय झालं? नवीन घराचे फोटो पाहिले, ओटा मस्त आहे.

तेराव्याला ये. काही बोलू नकोस, आत्याच्या शेजारी बस फक्त. आणि पापडाचं आठवत असेल तर मेसेज कर, फोन नको, इथे सगळे कान लावून बसलेत.

तुझी,
सुमी