विनिपेगनंतर झोपू नका

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतल्या कॅनडाच्या रेल्वे प्रवासवर्णनात विनिपेग शहर सोडलं की रॉकी पर्वत येईपर्यंत खुशाल झोपावं, मध्ये बघण्यासारखं काही नाही, असं वाचलं. मी सध्या सस्कॅचवान प्रांतात स्विफ्ट करंटला मुलाकडे मुक्कामी आहे आणि गेले तीन महिने या 'काही नाही'चेच फोटो काढतो आहे.

इथून तासाभरावर, 13 नंबरच्या महामार्गालगत, असिनिबोयाहून शॉनावनकडे ग्रेट वेस्टर्न रेल्वेची एकेरी लाइन जाते. कॅनेडियन पॅसिफिक या बड्या रेल्वे कंपनीने ती 2000 साली विकून टाकली. पुढे इथल्याच शेतकऱ्यांनी आणि गावांनी मिळून ती घेतली. (साखर कारखान्याच्या सभासदांना यातलं मर्म वेगळं सांगायला नको.) प्रवासी गाडी नाही, वेळापत्रक नाही. धान्याचे हॉपर, म्हणजे मालडबे, भरले की गाडी निघते. पॉन्टेक्सला मी एकदा पाच तास ताटकळलो, गाडी आलीच नाही.

आली की मात्र पळत नाही. शिवाय जमीन मैलाच्या चौकटींत आखलेली, त्यामुळे खडीचे रस्ते थोड्या थोड्या अंतरावर रूळ ओलांडतात. एका फाटकावर फोटो काढायचा, मोटारीत बसायचं, पुढचं फाटक गाठायचं. फाटक म्हणजे नुसती फुली असलेला खांब, माणूस नाही. रुळांवर पाऊल टाकायची गरजच पडत नाही, आणि टाकूही नये.

पहिल्या दिवशी गाडी दिसण्याआधी ऐकू आली आणि मी चक्रावलो. आवाज ओळखीचा! 31 वर्षं डिझेल शेडमध्ये फिटर होतो. आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-2 डिझेल इंजिनाचं धापा टाकणं मी झोपेतही ओळखेन. मॉन्ट्रियलला 1970च्या दशकात बांधलेलं एम-420 जातीचं रेल्वे इंजिन होतं ते. त्याच्या आतलं डिझेल यंत्र अल्को या अमेरिकन कंपनीच्या त्याच 251 घराण्यातलं, फक्त आपलं 16 सिलिंडरचं आणि हे 12चं. ड्रायव्हरने नॉच, म्हणजे जोराची पायरी, वाढवला की टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) वेग घेईपर्यंत काळा धूर भसकन वर येतो. शेडमध्ये या धुरापायी साहेबांची बोलणी खाल्ली आहेत. इथे त्याच्याचसाठी कॅमेरा रोखून उभा असतो.

सुरुवातीला माझी एक खोड होती. झूम लावून चौकट इंजिनाने भरून टाकायची. फिटरचीच नजर, दुसरं काय. मुलगा म्हणाला, "बाबा, हा कुठल्याही यार्डातला फोटो वाटतो." तेव्हापासून अर्धा किलोमीटर मागे उभा राहतो. खाली गव्हाची पट्टी, तिच्यावर गाडी, बाजूला असलाच तर एखादा लाकडी एलेव्हेटर, म्हणजे धान्याचं उंच कोठार. 1930च्या दशकात या प्रांतात असे 3000हून जास्त होते, बहुतेक पाडले गेले. उरलेल्यांपैकी काहींवर गावाचं नाव अजून वाचता येतं. बाकी सगळं आकाश. जूनमध्ये रात्री नऊलाही त्यात ऊन असतं आणि हॉपरच्या कडा तांब्यासारख्या दिसतात.

पुरवणीतली प्रवासी गाडी या लाइनवरून जात नाही, हे कबूल. पण बाहेर असलंच आकाश तिच्या खिडकीतूनही दिसतं.

सोबत एक फोटो पाठवतो आहे. जागेअभावी कापावा लागला तर इंजिनाकडून कापा, आकाश राहू द्या.

आपला,
एक निवृत्त डिझेल फिटर
सध्या मुक्काम स्विफ्ट करंट, सस्कॅचवान