तक्रार: परफॉर्मन्स इंजिनच्या दरात आलेलं जुनं इंजिन, आणि माझा हरवलेला ब्लॉक

प्रति,
व्यवस्थापक, इंजिन बिल्ड विभाग
(हे पत्र ग्राहक सेवेकडे ढकलू नये. मी तिथूनच आलोय.)

विषय: मारुती जिप्सीचं जी१३बीबी इंजिन, सिलिंडरचा बोअर ०.५० मिमीनं मोठा (ओव्हरसाइज), फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन. रु. १,६८,००० पूर्ण भरलेले.

महोदय,

आज दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी तुमच्या माणसानं फोन ठेवला. मी नाही, त्यानं. मग तासभर राग खाली बसायची वाट बघितली. बसला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

इंजिन काय चीज आहे ते तुम्हाला सांगत नाही. बांधलंय तुम्ही, निदान बिलात तसं म्हटलंय.

फेब्रुवारीत माझ्या गाडीचं बिग एंड बेअरिंग गेलं, क्रँकही खाल्ला. मेस्त्रीनं मिलिटरी लिलावातल्या जिप्सीचं इंजिन शोधून ठेवलं होतं. ५५,००० रुपये. चालू करून ऐकवलं, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन १७५ पीएसआयच्या आसपास दाखवलं. मी जवळजवळ हो म्हटलंच होतं. तेवढ्यात तुमच्या विक्रीवाल्या साहेबांचा फोन. ‘सर, जुनं इंजिन म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं.’ वाक्य झकास आहे, मला अजून आवडतं.

पण मी वाक्याला भुललो नाही, ब्लॉकला भुललो. इंजिन नंबर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्यावर असतो, त्यामुळं जुनं इंजिन घातलं की नंबर बदलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, लिलावाचे कागद दाखवायचे, आरसीवर नोंद करून घ्यायची. तुम्ही म्हणालात, ‘तुमचाच ब्लॉक पाठवा, त्यावरच बांधू, नंबर तोच राहील.’ या एका वाक्यासाठी मी १,१३,००० रुपये जास्त मोजले. ०.५० ओव्हरसाइजनं १२९८ चे १३१६ सीसी होतात, १८ सीसीसाठी कुणी लाख रुपये घालत नाही. मी माझ्या ब्लॉकसाठी घातले.

आलेला ब्लॉक माझा नाही.

बसवताना मी नंबर वाचला नाही, ही माझी चूक. तुमच्यावर विश्वास होता, दुसरं काय.

तुमच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे ५०० किलोमीटरला ऑइल बदललं, गाडी तापवली नाही, ओढली नाही. ९०० किलोमीटर झाले आणि गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना पुन्हा ॲक्सिलरेटरवर पाय दिला की मागं निळा धूर. मागच्या एसटीच्या ड्रायव्हरनं वायपर लावला म्हणजे बघा. पुढच्या ४०० किलोमीटरमध्ये पाऊण लिटर ऑइल पोटात. कॉम्प्रेशन १७८, १८०, १२२, १७४. तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घेतलं तर १६०. याचा अर्थ, रिंग आणि बोअरमधून गळती, तुम्हाला सांगायला नको. तुमच्या ग्राहक सेवेला मात्र सांगावा लागला, तीनदा.

२६ दिवस ‘इंजिनिअर येतील’ ऐकलं. कोणी आलं नाही. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मेस्त्रीकडं, व्हिडिओ काढत इंजिन खोललं. तिसऱ्या बोअरमध्ये पिस्टनभोवतीची फट (क्लिअरन्स) ०.११ मिमी, तुमच्या मापांच्या कार्डावर लिहिलंय ०.०५. क्रँक मूळ मापापेक्षा बारीक (अंडरसाइज) घासलेला, कार्डावर त्याचा शब्द नाही. कॅमच्या लोबवर आधीच्या मालकाच्या खाणाखुणा. आणि फोर्ज्ड म्हणून दिलेल्या पिस्टनच्या पोटात ओतीव मालाला असते ती साच्याची शिवण! साहेब, शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेल्या पोरांना ती शिवण दाखवू नका, हसतात. मेस्त्री एवढंच म्हणाले, ‘दादा, ह्ये बांधल्यालं न्हाई, गोळा केल्यालं इंजिन हाय.’

म्हणजे दुसऱ्याचं दुखणं मी घेतलंच, फक्त तिप्पट भावानं.

आता आजचा फोन. हा सविस्तर सांगणार आहे, वेळ काढून वाचा. मी म्हटलं, ब्लॉकवरचा नंबर माझ्या आरसीशी जुळत नाही. तो म्हणाला, ‘इंजिन कुणी उघडलं सर?’ मी म्हटलं, माझ्या मेस्त्रीनं. ‘ऑथराइज्ड आहेत का ते?’ मी म्हटलं, नंबर ब्लॉकच्या बाहेर असतो हो, तो वाचायला एक बोल्टसुद्धा ढिला करावा लागत नाही. त्यावर थोडा वेळ शांतता. कीबोर्डचा आवाज. मग, ‘लोकल मेकॅनिकनं खोललं की वॉरंटी जाते सर.’ मी ०.११ चा आकडा सांगितला. तेव्हा तो म्हणाला, आणि हे शब्दशः लिहितोय: ‘सर, तिकडं बोअर मोजायची सोय आहे का? म्हणजे बोअर गेज वगैरे? का बोट घालून बघितलं?’ आणि हसला. त्याच्या मागं अजून कुणीतरी हसलं, तेही ऐकू आलं.

तिकडं. म्हणजे कोल्हापुरात. जुन्या काळच्या नावाजलेल्या कारागीर म्हादबा मेस्त्रींच्या गावात. जिथली ऑइल इंजिनं गावोगावच्या विहिरींवर फटफटली, जिथल्या फाउंड्र्यांतून आजही मोठ्या मोठ्या वाहन कंपन्यांना कास्टिंग जातं. कदाचित तुमच्या ऑफिसबाहेर उभ्या असलेल्या गाडीचा ब्लॉक शिरोलीतच ओतलेला असेल. बोअर गेज आहे का विचारतो! उद्यमनगरात टपरीवर चहा पिणाऱ्यांना विचारा, चारातल्या दोघांच्या खिशात मायक्रोमीटर निघेल. मी संयमानं लिहायचं ठरवलं होतं, ते इथं सुटलं, राहू दे.

मी पुन्हा विचारलं, माझा ब्लॉक कुठं आहे? ‘एक्सचेंजमध्ये गेला असेल सर. सेम सिरीजचाच दिलाय, नंबर कोण बघतं?’ नंबर आरटीओ बघतो. नाक्यावरचा पोलीस बघतो. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर सगळ्यात आधी बघतो. आणि तुम्ही दिलेला ब्लॉक मूळचा कुठल्या गाडीचा, ती चोरीची तर नाही, हे मी कुणाला विचारू? हे विचारलं तेव्हाच फोन कट झाला.

तुमचा स्टिकर मागच्या काचेवर लावून फिरलो. राधानगरीच्या चिखलात माझी गाडी बघून दोघांनी तुमच्याकडं चौकशी केली होती. त्या दोघांना काल फोन करून थांबवलंय. वाईट वाटलं, खरंच. स्टिकर अजून काढला नाही, कारण निघत नाही. एवढी एकच गोष्ट तुम्ही पक्की बनवलीय.

१५ दिवसांत माझा ब्लॉक आणि पूर्ण रक्कम परत पाहिजे. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहतो तिथं, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल होईल. ५ लाखांपर्यंत फीसुद्धा लागत नाही. तारखेला इथं यावं लागेल. आलात की उद्यमनगर दाखवतो, बोअर गेजसकट. नंबर न जुळणाऱ्या ब्लॉकचा अर्ज पोलिसांत वेगळा देईन.

दुरुस्त करून देतो, डिस्काउंट देतो, असले फोन करू नयेत. माझा ब्लॉक कुठं आहे, एवढंच कळवावं. ट्रान्सपोर्टचं भाडं तुमचं. माल उतरवून घ्यायला मी स्वतः येणार आहे, आणि या वेळी नंबर वाचल्याशिवाय पावतीवर सही करणार नाही.

ग्राहक, कोल्हापूर
(नाव आणि ऑर्डर क्रमांक बिलावर आहे. बिल तरी जपून ठेवलं असेल.)

सोबत: आरसीची प्रत, ब्लॉकवरच्या नंबरचा फोटो, मोजमापाचा कागद, खोलतानाचा ४७ मिनिटांचा व्हिडिओ.