चालता चालता पाढे

महोदय,

आजोबा एकच गोष्ट चारदा विचारू लागले की आमच्या खेड्यांत ‘वय झालं’ म्हणून विषय संपतो. मग त्यांना बाजेवर बसवून ठेवतात. शेतात नको, बाजारात नको. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या, विस्मरणाचा धोका असलेल्या १,२६० जणांवर दोन वर्षे प्रयोग झाला. व्यायाम, बुद्धीला चालना, आहार आणि रक्तदाबासारख्या गोष्टींवर लक्ष हे सारे एकत्र मिळालेल्या गटाची बुद्धी तुलनेने तल्लख राहिली, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. जडलेला स्मृतिभ्रंश याने बरा होत नाही, हेही खरे.

पण शरीर आणि बुद्धी दोन्हींना एकत्र चालना द्यायला यंत्रे कशाला? सकाळी पांदणीने चालताना नातवाने उलटे पाढे विचारावेत. सामुदायिक प्रार्थनेनंतर खंजिरीच्या ठेक्यावर हातपाय हलवत भजनाची एकेक ओळ आळीपाळीने म्हणावी. तोल जाणाऱ्यांना सोबत हवीच, आणि मे महिन्यात आपल्याकडे नऊनंतर कोणी बाहेर पडूच नये!

आयुष्मान आरोग्य मंदिरांतील, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रांतील, योगवर्गात अशा वृद्धांसाठी आठवड्यातून एखादा तास राखून ठेवावा आणि त्यांना आणण्यासाठी घरच्यांनाही बोलवावे, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, जि. यवतमाळ